आजोबांच्या रोजनिश्या आणि तीस सीडी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझ्या आजोबांनी १९४८ ते १९७९ या काळात लिहिलेल्या एकोणीस रोजनिश्या, तीनेकशे छायाचित्रे आणि आजीचा आवाज असलेल्या सहा कॅसेट आमच्याकडे आहेत. शिवाय वडिलांनी २००३ ते २००९ या काळात भरलेल्या तीस सीडी आहेत, दोन जुन्या हार्ड डिस्क आहेत आणि आजोबांच्या आठवणींची, वडिलांनी १९९८ च्या सुमारास संगणकावर टाइप केलेली एक फाइल आहे. ती फाइल उघडते, पण तिच्यात मराठीऐवजी रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसते. रोजनिश्या आणि छायाचित्रे मी गेल्या वर्षी स्कॅन केली. घर बदलायचे असल्यामुळे मूळ वह्या आता काढून टाकाव्यात, असा विचार आहे. मुलगी म्हणते, सगळे क्लाउडवर आहे, काळजी कशाची? वडील म्हणतात, कागद तो कागद. कोणते माध्यम किती वर्षे टिकते याचा तक्ता द्यावा आणि सर्वांत टिकाऊ असे एकच माध्यम सुचवावे, ही विनंती.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

रोजनिश्या टाकू नका. बाकीचे उत्तर लांबणार आहे आणि सामानाच्या आवराआवरीत ते शेवटपर्यंत वाचून होईलच असे नाही, म्हणून एवढे आधीच सांगून ठेवते. तुम्ही यादीत लिहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये वीज, यंत्र किंवा पासवर्ड यांपैकी काहीही न लागता वाचता येतील, अशा फक्त या वह्या आणि छायाचित्रे आहेत. स्कॅन ही त्यांची उत्तम नक्कल असली, तरी पुढेमागे ती बिघडली किंवा एखादे पान धूसर आले आहे असे लक्षात आले, तर पुन्हा स्कॅन करायला मूळ वही हवीच.

आता तक्त्याविषयी. तो देणे अवघड नाही. निर्मात्यांच्या माहितीपत्रकांत आणि मानकांत आकडे हवे तितके सापडतात: भरता येणाऱ्या चांगल्या सीडीला शंभर वर्षे, संगणकीय साठवणुकीच्या एलटीओ टेपला तीस वर्षे, पॉलिएस्टरवरील मायक्रोफिल्मला पाचशे वर्षे आणि एम-डिस्क नावाच्या तबकडीला चक्क हजार वर्षे. मात्र सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. तिची शंभरी कोणी पाहिलेली असणे शक्यच नाही. मग हे आकडे येतात कुठून? माध्यमाचे नमुने काही आठवडे किंवा महिने उष्ण, दमट पेटीत ठेवतात, तेथे ते किती वेगाने बिघडतात हे मोजतात आणि त्या वेगावरून साध्या खोलीच्या तापमानाला तोच बिघाड होण्यास किती काळ लागेल, याचे गणित मांडतात. ही पद्धत लबाडीची नाही. दोन माध्यमांची तुलना करायला ती उपयोगीही पडते. मात्र तिच्यात उन्हाच्या तिरिपेत पडलेला ड्रॉवर नसतो, कारखान्यातला एखादा बिघडलेला घाणा नसतो आणि तबकडीवर बॉलपेनने जोर देऊन लिहिणारा हातही नसतो. शिवाय ते वाचणारे यंत्र त्या दिवशी जगात कोठे मिळेल का, हा प्रश्न त्या पेटीत ठेवता येत नाही. म्हणून तक्त्याऐवजी तुमच्या घरातील एकेक वस्तू घेऊन ती कशी संपते ते सांगते; त्यावरून कोणती आधी हाताळायची हे आपोआप ठरेल.

सर्वांत आधी आजीच्या कॅसेट. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख ओझरता आहे आणि त्यांच्यासाठी तुम्ही अजून काही केलेले दिसत नाही. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका त्यांनाच आहे. चुंबकीय फितीत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय भुकटी एका चिकट द्रव्याने बसवलेली असते. काही फितींतील हे द्रव्य वर्षानुवर्षे हवेतील बाष्प शोषून विघटित होते. मग फीत चिकट होते, यंत्रातून जाताना किंचाळते आणि तिची भुकटी वाचणाऱ्या हेडवर खरवडून निघते. व्यावसायिक रिळांमध्ये हा रोग अधिक दिसतो आणि तज्ज्ञ मंडळी अशी फीत मंद उष्णतेत काही तास ठेवून ती तात्पुरती वाजण्याजोगी करतात. घरगुती कॅसेट त्या मानाने बऱ्या टिकतात. पण कॅसेट टिकून भागत नाही, ती वाजवणारे यंत्रही टिकावे लागते. चांगल्या स्थितीतील प्लेअर, त्याचे रबरी पट्टे आणि ते दुरुस्त करणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या फितींपैकी बऱ्याचशा कायमच्या हातच्या जातील. आणि हे हजारो फिती सांभाळणाऱ्या, स्वतःचे तंत्रज्ञ असलेल्या संस्थेचे म्हणणे होते. घरी वापरायच्या व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन करणारी शेवटची कंपनी मानली जाणाऱ्या फुनाईने ते २०१६ मध्ये थांबवले.

यंत्र नसले की काय होते, याचा एक लक्षात राहण्यासारखा दाखला आहे. १९६६ आणि १९६७ मध्ये नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली आणि ती जाड चुंबकीय फितींवर साठवली गेली. फिती जपून ठेवल्या गेल्या, पण त्या वाचणारी फ्रिजाएवढी यंत्रे भंगारात निघाली. त्यांपैकी मोजकी यंत्रे एका माजी कर्मचारी बाईंनी अनेक वर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली, म्हणून २००८ च्या सुमारास काही जिद्दी मंडळींना ती दुरुस्त करून ही छायाचित्रे पुन्हा बाहेर काढता आली. तुमच्या घरात अजून चालणारा कॅसेट प्लेअर असेल, तर तो याच महिन्यात वापरा. आधी बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट लावून तो फीत गुंडाळून घेत नाही ना ते पाहा, हेड स्वच्छ करा आणि मगच आजीची कॅसेट लावा. फीत किंचाळली किंवा अडखळली तर तेथेच थांबवून ती जाणकाराकडे द्या. ध्वनिमुद्रण वेव्ह, म्हणजे सहसा आकुंचन न केलेल्या, स्वरूपात ठेवा. एमपीथ्री ही ऐकण्यासाठी काढलेली दुय्यम प्रत समजावी.

त्यानंतर सीडी. तीसपैकी एक हातात घ्या आणि छापील बाजू वर धरा. आपण सगळे आयुष्यभर चकचकीत बाजूला जपत आलो, तिच्यावर ओरखडा येऊ नये म्हणून कडा धरून तबकडी उचलत आलो. प्रत्यक्षात नाजूक बाजू वरची आहे. खालून प्रकाश आत जातो तेथे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक असते. त्याच्या वर, म्हणजे लेबलाच्या लगेच खाली, रंगद्रव्याचा थर, त्यावर आरशासारखा धातूचा थर आणि त्यावर लाखेचा केसापेक्षाही पातळ लेप, एवढेच काय ते संरक्षण. वरून खरवडले तर मजकूरच खरवडला जातो. उत्साहाच्या काळात मी स्वतः एका सीडीवर बॉलपेनने टोक दाबून तारीख लिहिली होती. काही वर्षांनी ती दिव्यासमोर धरली, तेव्हा माझ्याच हस्ताक्षरातील तारखेमधून पलीकडचा उजेड दिसत होता. तुमच्या तबकड्याही अशाच दिव्यासमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर त्या ठिकाणचा धातू गेलेला आहे. डीव्हीडीत मजकुराचा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती या बाबतीत अधिक सुरक्षित. पण त्या चकत्या जोडणारा डिंक हा तिचा कच्चा दुवा.

कारखान्यात छापलेल्या गाण्यांच्या सीडीत मजकूर प्लॅस्टिकमध्ये ठोकलेल्या खळग्यांच्या रूपात असतो. घरी भरलेल्या सीडीत तसे खळगे नसतात. तेथे लेझरच्या उष्णतेने सेंद्रिय रंगद्रव्यावर डाग उमटवलेले असतात आणि ते रंगद्रव्य उजेडाने व उष्णतेने फिके पडते. म्हणून वडिलांच्या तीस सीडींपैकी काही आजही पहिल्या दिवसासारख्या असतील आणि काही, त्याच पाकिटातल्या, मेलेल्या असतील. आधी कळणार नाही, कारण सीडीत चूकदुरुस्तीची एक योजना असते. नोंदी एकमेकींत विणून आणि जास्तीच्या खुणा घालून लिहिलेल्या असतात; त्यामुळे रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडासुद्धा वाचक यंत्र गणिताने भरून काढते आणि आपल्याला काहीच जाणवत नाही. तबकडी आतून झिजत राहते, आपण निर्धास्त असतो आणि ज्या दिवशी चुका त्या योजनेच्या आवाक्याबाहेर जातात, त्या दिवशी ती एकदम नकार देते. काल चालली म्हणून आज चालेल, हा हिशेब येथे लागू नाही. तेव्हा या सीडी रांगेत दुसऱ्या क्रमांकावर ठेवा आणि सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एखादी वाचली गेली नाही तर लगेच फेकू नका; दुसऱ्या कंपनीच्या, शक्यतो जुन्या, ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसरा ड्राइव्ह सहज वाचतो, हे अनेकदा घडते.

हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्यातील चुंबकीय नोंदी बऱ्यापैकी टिकतात. आधी जाते ते यंत्र, म्हणजे मोटर, वंगण, चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारे हेड आणि त्यामागची सर्किटे. हजारो डिस्क दिवसरात्र चालवणाऱ्या बॅकब्लेझ या साठवण कंपनीने वर्षानुवर्षे प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत, दरवर्षी साधारण एक ते दोन टक्के डिस्क निकामी होताना दिसतात. हा आकडा ऐकायला लहान आहे. पण ज्या घरात सगळे काही एकाच डिस्कवर आहे, त्या घरासाठी त्याचा अर्थ सगळे किंवा काहीच नाही, असा होतो. तुमच्या दोन जुन्या डिस्क लावताना आवाज ऐका. सुरू होताना ठराविक अंतराने टक-टक असा आवाज आला, तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळा. प्रत्येक प्रयत्नात हेड चकतीला घासून उरलेसुरले घालवू शकते. आवाज निरोगी असेल तर आधी सर्वांत मोलाचे फोल्डर उतरवा, आणि चित्रपट व गाणी सर्वांत शेवटी.

तुम्ही पेनड्राइव्हविषयी विचारलेले नाही, पण सामान बांधताना सगळे एका पेनड्राइव्हवर घेऊन ठेवण्याची कल्पना कोणीतरी काढेलच, म्हणून लिहिते. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वापरली जाणारी, फिरते भाग नसलेली चिपची डिस्क) यांत मजकूर म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. कप्प्याच्या भिंतीतून तो अत्यंत हळू गळत असतो. सुरुवातीच्या चिपमध्ये एका कप्प्यात भार आहे की नाही, एवढेच ओळखायचे असे. आता जागा वाचवण्यासाठी एकाच कप्प्यात आठ किंवा सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात, त्यामुळे थोडी गळतीही पुरते. या क्षेत्रातील जेडेक या मानकसंस्थेची घरगुती एसएसडीसाठी अपेक्षा अशी आहे की, लेखनाची ठरलेली मर्यादा संपेपर्यंत वापरलेली एसएसडी वीज न देता तीस अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर धरून ठेवील. या आकड्याचा विपर्यास करून एसएसडी वर्षभरात कोरी होते अशी भीती घातली जाते, ती खोटी आहे. ही अट झिजून गेलेल्या एसएसडीची आहे आणि नवी, कमी वापरलेली एसएसडी त्याहून पुष्कळ अधिक काळ मजकूर ठेवते. तरीसुद्धा कपाटात ठेवून दहा वर्षे विसरून जाण्यासाठी हे माध्यम केलेलेच नाही. मजकूर इकडून तिकडे नेण्यासाठी पेनड्राइव्ह वापरा आणि काम झाले की त्यावरचा भरवसा संपवा.

वडिलांची ती १९९८ ची फाइल मात्र मला सर्वांत रोचक वाटली, कारण ती खराब झालेलीच नाही. तिच्यातील एकही बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशी सर्वांत लहान नोंद, हललेला नसताना ती वाचता येत नाही. त्या काळी मराठी टाइप करण्यासाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असे, फक्त त्याचा चेहरा बदललेला असे. तो फॉन्ट गेला की चेहरा गेला, आणि उरते ती तुम्हाला दिसणारी खिचडी. युनिकोड, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण घरोघरच्या संगणकांवर ती विंडोज २००० च्या आगेमागे पोहोचली. त्याआधी टाइप झालेल्या बहुतेक मराठी मजकुराची हीच अवस्था आहे. उपाय आहे. आधी मूळ फाइलची जशीच्या तशी एक प्रत बाजूला ठेवा. मग वडिलांना विचारा की, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कोणत्या फॉन्टमध्ये काम केले होते. फॉन्टचे नाव ठाऊक असले की, तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. बदललेला मजकूर डोळ्यांत तेल घालून तपासा, विशेषतः ऱ्हस्व वेलांटी आणि रफार: जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर टाइप होत असे, युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे, आणि परिवर्तक नेमके येथे घसरतात. हे तपासायला वडिलांना शेजारी बसवा. आजोबांच्या वाक्यांची लकब त्यांनाच ठाऊक असणार, आणि फॉन्टचे नाव लक्षात असलेले ते बहुधा घरातले एकटेच आहेत.

तुमच्या फाइलचा थोरला भाऊ म्हणावा असा एक प्रकार इंग्लंडमध्ये घडला. तेथील राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेवरून १०८६ मध्ये जमीनधारणेची तपशीलवार पाहणी झाली आणि चर्मपत्रावर लिहिलेली ती नोंद, म्हणजे डूम्सडे बुक, आजही वाचता येते. तिला नऊशे वर्षे झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने लोकांकडून छायाचित्रे, नकाशे आणि वर्णने गोळा करून तिची नवी आवृत्ती काढली. दहा लाखांहून अधिक लोकांनी हातभार लावला आणि ते सगळे खास लेझर तबकड्यांवर साठवले गेले. सोळा वर्षांत, म्हणजे २००२ पर्यंत, त्या तबकड्या वाचणारी यंत्रे आणि त्यांना जोडलेले संगणक इतके दुर्मीळ झाले की, लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांतील संशोधकांना त्या जुन्या संगणकाचे सोंग वठवणारे सॉफ्टवेअर लिहून तो मजकूर सोडवावा लागला. तबकड्या शाबूत होत्या, त्यांची भाषा जाणणारे यंत्र तेवढे उरले नव्हते.

येथे वडील म्हणतील, बघ, मी सांगत होतो. त्यांची बाजू भक्कम आहे, पण तितकी नाही. २०१३ मध्ये इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वाडी अल-जर्फ येथे, पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदावर, लिहिलेली एक रोजनिशी सापडली. मेरर नावाच्या अधिकाऱ्याने गिझाच्या महापिरॅमिडसाठी चुनखडीचे दगड नावांमधून कसे वाहून आणले, याची दिवसागणिक नोंद तिच्यात आहे आणि ती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. एखाद्या मुकादमाची साधी हजेरीवजा नोंद इतकी टिकावी, हे वाचून कोणालाही कागदाचा अभिमान वाटेल. पण मेररसारखे शेकडो कारकून त्या काळी लिहीत असणार आणि त्यांचे लिखाण कोठेच नाही. कोरड्या वाळवंटातील गुहेत, कोणाचाही हात न लागता पडून राहिले, तेवढे उरले. जुनी माध्यमे टिकाऊ होती, असे आपल्याला वाटते त्यात बराच वाटा याचा आहे की, जे नष्ट झाले ते दिसत नाही आणि म्हणून मोजलेही जात नाही.

शिवाय कागद म्हणजे एकच वस्तू नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो मुख्यतः चिंध्यांपासून बनत असे आणि त्याचे तंतू लांब व चिवट असत. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई पसरू नये म्हणून त्याला तुरटी आणि राळ यांचा लेप दिला जाई, आणि त्यातून होणारे आम्ल तंतूंना हळूहळू कुरतडते. त्यामुळे सतराव्या शतकातील पोथी मऊ राहते आणि १९५० च्या वहीचे पान कोपऱ्याशी दुमडले की मोडते. आजोबांच्या वह्या कडांना तपकिरी झाल्या असतील तर त्या याच जातीच्या आहेत. त्यांतील टाचण्या, क्लिपा आणि रबरे काढा, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत त्या आडव्या ठेवा, पेटी जमिनीपासून उंच आणि ओलीपासून दूर ठेवा. आणि कोणी कितीही सुचवले तरी पानांना प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. छायाचित्रांपैकी कृष्णधवल चित्रांतील प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि ती सहसा उत्तम टिकते. रंगीत चित्रे, विशेषतः १९७० च्या दशकातील, लालसर झालेली दिसतील. त्यांतील निळसर हिरवे रंगद्रव्य आधी उडते, आणि ते अंधारात ठेवूनही उडते. त्यांचे स्कॅन कमी दर्जाचे झाले असल्यास तेवढे पुन्हा करा.

तरीही कागद ज्या रीतीने म्हातारा होतो, ती रीत मला अधिक प्रामाणिक वाटते. वाळवीने पान पोखरले तर भोकापुरता शब्द जातो, आजूबाजूचे वाक्य उरते आणि गेलेला शब्द बहुधा अंदाजाने लावता येतो. जेपेग स्वरूपातील छायाचित्रात मात्र आकुंचनामुळे पुढचा भाग मागच्या भागावर अवलंबून असतो. मध्येच एखादा बिट उलटला तर कपाळापर्यंत आजोबा नीट दिसतात आणि त्याखाली नुसती करडी पट्टी. हे टाळण्यासाठी स्कॅनची मुख्य प्रत टिफ या, आकुंचन न करता साठवता येणाऱ्या, स्वरूपात आणि दस्तऐवज पीडीएफ/ए या, दीर्घकाळ जपण्यासाठीच २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या, प्रकारात ठेवावेत. आठवणींचा मजकूर साध्या युनिकोड टेक्स्ट फाइलमध्येही ठेवावा.

‘सर्वांत टिकाऊ असे एकच माध्यम’ मी सुचवणार नाही, कारण एकच माध्यम हाच यातला सर्वांत मोठा धोका आहे. कागदाला जे कधीच जमले नाही, ते डिजिटल नोंदीला जमते: तिची हजारावी नक्कलही मुळाइतकीच तंतोतंत असते. तिचे आयुष्य डिस्कच्या आयुष्याला बांधलेले नाही. डिस्क जाण्याआधी कोणी ती उतरवून घेतली, तर ती पुढे जाते. म्हणून तीन प्रती ठेवा, त्यांतील निदान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि एक दुसऱ्या इमारतीत. तुमच्या बाबतीत याचा अर्थ घरी एक हार्ड डिस्क, नातेवाइकांकडे दुसऱ्या कंपनीची दुसरी हार्ड डिस्क आणि तिसरी प्रत क्लाउडवर. डिस्क साधारण पाच वर्षांनी, ती चालू असतानाच, बदला. हौस असेल तर निवडक मजकूर एम-डिस्कवरही भरा. तिच्यात रंगद्रव्याऐवजी खनिज स्वरूपाचा थर असतो आणि हजार वर्षांचा दावा बाजूला ठेवला तरी ती साध्या तबकडीपेक्षा दणकट आहे.

मुलीला सांगा की, क्लाउड ही तिसरी प्रत म्हणून उत्तम आहे. तेथील डिस्क बिघडतात तेव्हा कंपनी त्या परस्पर बदलते आणि आपल्याला कळतही नाही, ही मोठीच सोय आहे. तेथला धोका खात्याचा आणि कंपनीच्या धोरणाचा आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केला. खातेदार वारला आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसला, तर दोन वर्षे कशी जातात ते कळत नाही. मायस्पेसवर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना गेले, हे २०१९ मध्ये त्या कंपनीनेच मान्य केले. आणि आणखी एक गोष्ट घरोघरी चुकते: फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवलेले असतील, तर फोनवर चुकून पुसलेले छायाचित्र क्लाउडवरूनही पुसले जाते. जुळवणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. खात्याची माहिती आणि तुमच्यानंतर ते कोण पाहील, हे कागदावर लिहून रोजनिश्यांच्याच पेटीत ठेवा.

प्रती शाबूत आहेत हे ओळखायचे कसे? प्रत्येक फाइल उघडून पाहणे अशक्य आहे. त्यासाठी चेकसम काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीने संगणक फाइलमधील सगळ्या बिटांवरून चौसष्ट चिन्हांची एक ओळ तयार करतो. फाइलमधील एक बिट बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. बहुतेक संगणकांत ही सोय आधीपासूनच असते. सगळ्या फाइलींच्या ओळी एका टेक्स्ट फाइलमध्ये साठवा आणि वर्षातून एकदा, आजोबांच्या जन्मदिवशी म्हणा हवे तर, तिन्ही प्रतींवर पुन्हा काढून ताडून पाहा. एका प्रतीत ओळ जुळली नाही, तर उरलेल्या दोहोंतून ती फाइल बदलून घ्या. तीन प्रतींचा खरा उपयोग येथे होतो. दोनच असतील, साठवलेली ओळही हाताशी नसेल आणि त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर खरी कोणती यावर वाद घालत बसावे लागते.

फाइलींना नावे देण्याचा कंटाळा करू नका. ‘आयएमजी-०४१७’ या नावाची फाइल तीनशे वर्षे टिकली तरी तिच्यातील फेटेवाले गृहस्थ कोण, हे कोणाला सांगता येणार नाही. वडिलांसोबत बसून छायाचित्रांतील माणसांची नावे, नाते, ठिकाण आणि अंदाजे साल फाइलीच्या नावात आणि मूळ चित्राच्या पाठीवर, मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि त्याची शाई वरच्या चित्राला लागते. तुमच्याकडच्या अलीकडच्या, केवळ फोनमध्ये असलेल्या छायाचित्रांतूनही साठ-सत्तर निवडा आणि पिगमेंट शाईने चांगल्या कागदावर छापून घ्या. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले विंट सर्फ यांनी २०१५ मध्ये, आपल्या काळाचे डिजिटल अंधारयुग होऊ शकते असा इशारा देताना, खरोखर जपायची छायाचित्रे छापून ठेवण्याचा हाच सल्ला दिला होता.

आणि घर बदलण्याच्या दिवशी रोजनिश्यांची पेटी एका गाडीतून न्या, हार्ड डिस्क दुसऱ्या गाडीतून, तुमच्या मांडीवर.